क्वार्टरवरची चित्रं कशी वाचायची, नाणं कसं ओळखायचं आणि घरातल्या चिल्लरमधूनच संग्रह कसा जमवायचा

अमेरिकेतल्या बऱ्याच मराठी घरांत चिल्लरची एक बरणी असतेच. त्यातले पेनी, निकेल, डाइम बाजूला राहू द्या, पंचवीस सेंटची नाणी म्हणजे क्वार्टर तेवढे वेगळे काढा आणि टेबलावर पसरा, मागची बाजू वर करून. कुठे गरुड, कुठे घोडेस्वार, कुठे वटवाघूळ, कुठे टेनिस खेळणारी बाई. १९९९ पासून हे नाणं वर्षाला साधारण पाच वेळा मागचा चेहरा बदलतंय. पन्नास राज्यं, मग वॉशिंग्टन डीसी आणि पाच बेटांचे प्रदेश मिळून सहा, मग ५६ राष्ट्रीय उद्यानं आणि ऐतिहासिक जागा, मग एक डेलावेअर नदीचं, मग २० स्त्रिया, म्हणजे २०२५ पर्यंत १३३ चित्रं झाली आणि ही सगळी चलनात आलेली आहेत, पंचवीस सेंटलाच मिळतात. लोक पंधरा-वीस वर्षं ही नाणी लाँड्रीच्या मशीनमध्ये टाकत राहतात आणि एकदाही उलटून बघत नाहीत याचं मला खरंच वाईट वाटतं, म्हणून जरा सविस्तर लिहितोय. यात पैसे कमवायचा भाग अगदी थोडा आहे. बघायला शिकायचा भाग मोठा आहे.

पायरी १: नाणी आणायची कुठून

आधी घरातली चिल्लर, गाडीतला कप होल्डर, जुन्या पर्सा. मग बँक. खातं असलेल्या बँकेत काउंटरवर क्वार्टरचे रोल मागायचे, एका रोलमध्ये ४० नाणी म्हणजे १० डॉलर. मशीनने गुंडाळलेल्या रोलपेक्षा लोकांनी हाताने गुंडाळून बँकेत भरलेले रोल मिळाले तर ते घ्या, कोणीतरी घरातला जुना डबा रिकामा केलेला असतो त्यामुळे जुनी नाणी निघायची शक्यता त्यात जास्त. बघून झालं की नको असलेली नाणी परत भरून टाकायची, फक्त शक्यतो दुसऱ्या शाखेत भरा नाहीतर तीच नाणी फिरून तुमच्याकडे येतील.

भारतात असाल तर अमेरिकेहून सुट्टीला येणाऱ्या नातेवाइकांना आधीच सांगून ठेवा, चॉकलेटं नकोत, क्वार्टर आणा. पुण्या-मुंबईत नाण्यांची प्रदर्शनं भरतात तिथेही परदेशी नाण्यांच्या ढिगात सापडतात, पण तिथे दर्शनी किमतीला मिळणार नाहीत, थोडं जास्त जाईल.

पायरी २: हातात धरायचं कसं, उलटायचं कसं

कायम कडेला धरायचं, अंगठा आणि पहिल्या बोटात. चित्रावर बोट टेकवायचं नाही, विशेषतः नाणं नवं चकचकीत असेल तर, घामाचा डाग नंतर निघत नाही.

आता उलटणं. आपलं रुपयाचं नाणं पुस्तकाच्या पानासारखं आडवं उलटलं की मागची बाजू सरळच दिसते. क्वार्टर तसा उलटलात तर मागचं चित्र डोकं खाली पाय वर दिसेल. त्यात काही बिघाड नाहीये, अमेरिकन नाण्यांची रचनाच तशी असते, वरची कड आणि खालची कड धरून उभं उलटायचं. एवढं लक्षात ठेवा कारण पुढे याचा उपयोग आहे: असं नीट उलटूनही मागचं चित्र बरंच तिरकं आलं तर तो ठसा फिरल्याचा दोष असतो, असं नाणं खर्च करू नका, बाजूला ठेवा.

पायरी ३: आधी वॉशिंग्टन कुठे बघतोय ते बघा

१९३२ ते २०२५ च्या सगळ्या क्वार्टरच्या पुढच्या बाजूला जॉर्ज वॉशिंग्टन आहे. त्याचा जन्म १७३२ चा, द्विशताब्दीला हे नाणं आलं. तो डावीकडे बघत असेल तर नाणं १९३२ ते २०२१ मधलं. उजवीकडे बघत असेल तर २०२२ ते २०२५ मधल्या स्त्रियांच्या मालिकेतलं. हे दोन ढीग एका नजरेत होतात, वाचायचीही गरज नाही.

या दोन चेहऱ्यांमागची हकीकत मात्र माहीत असायला हवी. १९३२ च्या नाण्यासाठी स्पर्धा झाली, कलेची जी सरकारी समिती होती तिने लॉरा गार्डिन फ्रेझर या शिल्पकार बाईंच्या डिझाइनची शिफारस केली. पण अर्थमंत्री अँड्र्यू मेलन यांनी जॉन फ्लॅनागनचं डिझाइन निवडलं, त्यांच्यानंतर आलेल्या ऑग्डन मिल्स यांनीही तो निर्णय बदलला नाही. दोन्ही चेहरे फ्रेंच शिल्पकार हूदों याने केलेल्या वॉशिंग्टनच्या पुतळ्यावरूनच घेतलेले. फ्लॅनागनचा वॉशिंग्टन नव्वद वर्षं चालला आणि २०२२ मध्ये स्त्रियांची मालिका आली तेव्हा पुढच्या बाजूला शेवटी फ्रेझरबाईंचा वॉशिंग्टन आला. दोन्ही नाणी शेजारी ठेवून भिंगातून बघा. फ्रेझरबाईंच्या चेहऱ्यात जबडा जास्त ठाम आहे, मानेला वजन आहे. माझं प्रामाणिक मत, १९३२ मध्येच हा घ्यायला हवा होता.

पायरी ४: वर्ष शोधा, आणि दोन वर्षं दिसली तर गोंधळू नका

१९९८ पर्यंतच्या नाण्यांवर वर्ष पुढे, चेहऱ्याच्या खाली, आणि मागे पंख पसरलेला गरुड. अपवाद एकच, ढोल वाजवणारा सैनिक. तो स्वातंत्र्याच्या द्विशताब्दीचा, पुढे १७७६-१९७६ असं दुहेरी वर्ष. १९७५ आणि १९७६ दोन्ही वर्षांत पाडलेल्या नाण्यांवर तेच आहे, त्यामुळे १९७५ लिहिलेला क्वार्टर शोधत बसू नका, तो नाहीच. चित्र जॅक आहर याचं, ढोलवाल्याच्या शेजारी मशाल आणि तिच्याभोवती १३ तारे, मूळच्या १३ वसाहतींचे.

१९९९ पासून मागच्या चित्राला जागा हवी म्हणून वर्ष मागे गेलं आणि देशाचं नाव, पाव डॉलर ही अक्षरं पुढे आली. राज्यांच्या मालिकेत (१९९९ ते २००८) मागे दोन वर्षं असतात आणि इथेच नवखी माणसं फसतात. वर राज्याच्या नावाखाली ते राज्य संघराज्यात आलं ते वर्ष, अगदी खाली नाणं पाडल्याचं वर्ष. मॅसॅच्युसेट्सच्या क्वार्टरवर वर १७८८ दिसतं, ते बघून सव्वादोनशे वर्षांचं नाणं सापडलं असं समजून लोक व्हॉट्सॅपवर फोटो फिरवतात, आणि खाली २००० स्पष्ट लिहिलेलं असतं. बाकी अमेरिकेत पहिला क्वार्टरच १७९६ चा, त्यामुळे १७८८ चा असूच शकत नाही.

उद्यानांच्या मालिकेतही (२०१० ते २०२१) वर्ष मागेच, काठाच्या पट्टीत जागेचं आणि राज्याचं नाव असतं त्याच पट्टीत. २०२१ जरा गमतीचं वर्ष आहे, त्यात दोन प्रकार: टस्कीगी एअरमेन हे उद्यान मालिकेतलं शेवटचं नाणं, त्यावर वर्ष मागे, आणि दुसरं वॉशिंग्टन होडीतून डेलावेअर नदी ओलांडतोय ते, त्यावर वर्ष परत पुढे. २०२२ पासून पुढेच आहे.

पायरी ५: छोटं अक्षर, म्हणजे टांकसाळीची खूण

पी म्हणजे फिलाडेल्फिया, डी म्हणजे डेन्व्हर, एस म्हणजे सॅन फ्रान्सिस्को, डब्ल्यू म्हणजे वेस्ट पॉइंट. १९६४ पर्यंत ही खूण मागे, गरुडाखालच्या फांद्यांच्या खाली असायची. १९६५ ते १९६७ मध्ये खूणच नाही. १९६८ पासून पुढच्या बाजूला, डावीकडे बघणाऱ्या वॉशिंग्टनच्या शेंडीच्या म्हणजे बांधलेल्या केसांच्या मागे. फिलाडेल्फियाच्या क्वार्टरवर पी १९८० पासून यायला लागला, त्याआधी अक्षर नाही म्हणजे फिलाडेल्फिया असंच धरायचं.

एस चे बहुतेक संग्राहकांसाठीचे असतात, आरशासारखे चमकणारे प्रूफ, पण कोणीतरी सेट फोडून खर्च केला की चिल्लरमध्ये येतात.

डब्ल्यू बघितल्याशिवाय मात्र २०१९ आणि २०२० चा एकही क्वार्टर सोडू नका. या दोन वर्षांत वेस्ट पॉइंटने प्रत्येक डिझाइनची २० लाख नाणी पाडली आणि विकायला न ठेवता सरळ चलनात सोडली, दहा डिझाइन म्हणजे एकूण २ कोटी. आकडा मोठा वाटतो पण फिलाडेल्फिया आणि डेन्व्हर ज्या प्रमाणात नाणी पाडतात त्यापुढे काहीच नाही. २०२० च्या डब्ल्यूवर पुढे अगदी बारीक व्ही ७५ अशी खूणही आहे, दुसरं महायुद्ध संपल्याला ७५ वर्षं झाली म्हणून. अजूनही ही नाणी हातोहात फिरतायत, घासलेलं मिळालं तरी ठेवा.

पायरी ६: कड बघा

सगळे क्वार्टर चटईवर उभे रांगेत लावा आणि कडा बघा. नेहमीच्या नाण्याच्या कडेला मधोमध तांब्याची लालसर रेघ दिसते, कारण आत शुद्ध तांबं आणि बाहेरून तांबं-निकेलचा थर. रेघ नाही, कड पूर्ण पांढरी, असं दिसलं की चांदी. १९६४ पर्यंतचे सगळे क्वार्टर ९० टक्के चांदीचे. वजनाने खात्री होते, चांदीचा ६.२५ ग्रॅम (घासून थोडा कमी), आत्ताचा ५.६७ ग्रॅम, त्यामुळे दशांशात दाखवणारा छोटा काटा घ्या. १९९२ पासूनचे सॅन फ्रान्सिस्कोचे काही प्रूफही चांदीचे असतात, म्हणून एस दिसला की कड बघायचीच.

गरुडाच्या जुन्या नाण्यांत सगळ्यात दुर्मिळ १९३२ चे डी आणि एस, डेन्व्हरची ४,३६,८०० आणि सॅन फ्रान्सिस्कोची ४,०८,००० एवढीच पाडली होती. हे बाहेर विकत घेताना अक्षर मागून चिकटवलेलं नाही ना याची खात्री नाणं तपासून देणाऱ्या संस्थेकडून करून घ्या, बनावट फार आहेत.

पायरी ७: आता चित्र वाचा

इथे सगळ्यात जास्त वेळ घालवा. दहापट मोठं दाखवणारं भिंग आणि खिडकीतला आडवा उजेड, वरून पडणारा ट्यूबलाइटचा उजेड नको, त्यात उठाव दिसत नाही. नाणं थोडं थोडं कलतं करत बघा. प्रत्येक चित्रात तीन गोष्टी शोधायच्या: मुख्य आकृती, कोरलेले शब्द किंवा तारीख, आणि कोपऱ्यात कलाकाराची आद्याक्षरं.

राज्यांच्या मालिकेतलं पहिलं नाणं डेलावेअरचं, कारण नाणी राज्यं संघात आली त्याच क्रमाने काढली. त्यावरचा घोडेस्वार सीझर रॉडनी. जुलै १७७६ मध्ये आजारी असताना पावसापाण्यातून सुमारे ऐंशी मैल घोडा दामटत तो फिलाडेल्फियाला पोचला आणि स्वातंत्र्याच्या बाजूने मत दिलं. घोड्याचे चारी पाय बघा, अंगावरचा कोट बघा, एवढ्याशा गोलात वेग पकडलाय. कनेक्टिकटच्या नाण्यावर चार्टर ओक हे झाड, १६८७ मध्ये वसाहतीची सनद इंग्रज राजाच्या माणसांच्या हाती लागू नये म्हणून याच्या ढोलीत लपवली असं सांगतात, झाड १८५६ च्या वादळात पडलं. फांद्या इतक्या बारीक आहेत की घासलेल्या नाण्यावर त्यातली अर्धी मजा जाते, हे नवंच शोधा. न्यू हॅम्पशायरच्या नाण्यावर डोंगराच्या कड्यात दिसणारा म्हाताऱ्याचा चेहरा आहे, नाणं आलं २००० मध्ये आणि मे २००३ मध्ये तो कडाच कोसळला. आता तो चेहरा लोकांच्या खिशातच उरलाय.

अलाबामाच्या नाण्यावर हेलन केलर खुर्चीत बसून पुस्तक वाचतायत आणि त्यांचं नाव ब्रेलमध्येही आहे, चलनातल्या अमेरिकन नाण्यावर ब्रेल पहिल्यांदा आली ती इथे, २००३ मध्ये. राज्यांच्या नाण्यांसाठी कायद्यातच अट होती की जिवंत माणसाचं चित्र नको आणि कोणाचाही नुसता खांद्यापर्यंतचा चेहरा नको, म्हणून माणसं अशी काहीतरी करताना दिसतात, घोड्यावर, खुर्चीत, होडीत. ती अट चित्रांच्या फार पथ्यावर पडलीये असं मला वाटतं. उलट काही राज्यांनी एका नाण्यात सगळंच कोंबलं, आर्कान्सावर हिरा, भात, तळं आणि बदक, विस्कॉन्सिनवर गाय, चीज आणि मक्याचं कणीस. पुढची बाजू आणि मागची बाजू दोन्हीकडे वॉशिंग्टन असलेली नाणीसुद्धा आहेत, न्यू जर्सीचं १९९९ चं नदी ओलांडतानाचं, जे लॉइत्झ या चित्रकाराच्या प्रसिद्ध चित्रावरून घेतलंय, आणि साउथ डकोटाचं माउंट रशमोरचं.

उद्यानांच्या मालिकेत २०२० चं अमेरिकन सामोआचं वटवाघूळ बघाच, आई झाडाला उलटी लटकलीये आणि पिल्लू तिला बिलगलंय. आणि २०१७ चं एलिस आयलंड. हे न्यू जर्सीच्या नावावर आहे, चित्रात बोटीने आलेलं एक स्थलांतरित कुटुंब, मागे हॉस्पिटलची इमारत. एडिसन, जर्सी सिटी भागातल्या आपल्या लोकांनी हे एक तरी जवळ ठेवावं, मुलांना दाखवावं. आपण विमानाने आलो, पण सामान हातात घेऊन अनोळखी जागेकडे बघणाऱ्या त्या चेहऱ्यांवरची आशा आणि धास्ती आपल्या ओळखीची आहे.

स्त्रियांच्या मालिकेत दरवर्षी पाच, सगळ्या दिवंगत, कारण इथेही जिवंत व्यक्ती चालत नाही. २०२२ ची पहिली कवयित्री माया अँजेलू, दोन्ही हात वर, मागे पक्षी आणि उगवता सूर्य. अभिनेत्री अ‍ॅना मे वाँग या अमेरिकन चलनावर आलेल्या पहिल्या आशियाई वंशाच्या अमेरिकन व्यक्ती. बेसी कोलमनच्या नाण्यावर विमानाशेजारी ६.१५.१९२१ अशी तारीख आहे, फ्रान्समध्ये वैमानिकाचा परवाना मिळाला तो दिवस, कारण काळ्या बाईला अमेरिकेत कोणी विमान शिकवायला तयार नव्हतं. हे कळल्यावर तो आकडा नुसता आकडा राहत नाही. गायिका सेलिया क्रूझच्या नाण्यावर तिची "अझूकार" ही आरोळी कोरलीये, २०२५ मध्ये आकाशगंगांच्या फिरण्याचा अभ्यास करणाऱ्या खगोलशास्त्रज्ञ व्हेरा रूबिन आहेत आणि टेनिसपटू अल्थिया गिब्सन.

पायरी ८: संग्रह विषयावर लावा

सगळे १३३ जमवणं छानच, पण सुरुवात विषयाने करा, मुलं असतील तर नक्कीच. उड्डाण हा विषय घ्या: नॉर्थ कॅरोलायना (२००१) म्हणतं पहिलं उड्डाण आमच्याकडे झालं, ओहायो (२००२) म्हणतं उडवणारे आमचे, दोन्ही नाण्यांवर राइट बंधूंचं विमान आहे आणि दोघांचंही खरं आहे. मग बेसी कोलमन, मग टस्कीगीचे महायुद्धातले वैमानिक, मग फ्लोरिडाचं (२००४) स्पेस शटल, मग अंतराळात गेलेल्या पहिल्या अमेरिकन स्त्री सॅली राइड. सहा नाण्यांत १९०३ पासून अवकाशापर्यंत पोचता, खर्च दीड डॉलर.

पक्ष्यांचाही सुंदर होतो: लुइझियानाचा पेलिकन, आयडाहोचा ससाणा, कॅलिफोर्नियाचं काँडोर गिधाड, मिनेसोटाचा लून, साउथ डकोटाचा फेझंट, साउथ कॅरोलायनाचा छोटा रेन.

पायरी ९: छपाईतले दोष, पण बेताने

माहीत असावेत असे दोन. २००४ चा डेन्व्हरचा विस्कॉन्सिन, मक्याच्या कणसाच्या डाव्या बाजूला खाली एक जादा पान दिसतं, कधी वर उचललेलं कधी खाली झुकलेलं, दोन्ही प्रकार संग्राहक घेतात. दुसरा २००५ चा कॅन्सस, ठशात ग्रीस भरल्यामुळे ट्रस्ट शब्दातला टी गायब आणि "इन गॉड वुई रस्ट" असं वाचलं जातं. यूट्यूबवर मात्र प्रत्येक क्वार्टर हजारो डॉलरचा असल्याचे व्हिडिओ आहेत, त्यावर विश्वास ठेवून काही विकू नका आणि घेऊ तर अजिबात नका. ओरखडा, चेपलेली कड, ड्रायरमध्ये अडकून घासलेलं नाणं हा दोष धरत नाहीत, टांकसाळीतून बाहेर पडल्यावर जे झालं त्याला किंमत नाही. तसंच सोन्याचा मुलामा दिलेले, रंगवलेले क्वार्टर मोठ्या डब्यात विकतात ते घेऊ नका, तो मुलामा बाहेरच्या कंपन्या देतात, नाणं पंचवीस सेंटचंच राहतं आणि संग्राहकाच्या दृष्टीने खराब झालेलं असतं.

पायरी १०: ठेवायचं कसं

धुवायचं नाही, घासायचं नाही, चिंच-लिंबू-पितांबरी काही नाही. फार चिकट असेल तर साध्या पाण्यातून काढून मऊ कापडावर टिपून घ्या, बस. रोजच्या नाण्यांना भोकं पाडलेला पुठ्ठ्याचा फोल्डर पुरतो, चांगल्या नाण्यांना २४.३ मिलिमीटरची प्लास्टिकची गोल डबी. मऊ, वास येणारं पीव्हीसीचं पाकीट नको, त्याने नाण्यावर हिरवट चिकट थर येतो. कोकणात किंवा मुंबईत ठेवणार असाल तर डब्यात सिलिका जेलची पुडी टाका आणि पावसाळा संपला की बदला.

पायरी ११: उरलेले कसे मिळवायचे

काही महिन्यांत लक्षात येईल की पूर्वेकडे राहत असाल तर पी चे ढीग आणि डी चा दुष्काळ, पश्चिमेकडे बरोबर उलटं, कारण फिलाडेल्फियाची नाणी मुख्यतः पूर्वेत जातात, डेन्व्हरची पश्चिमेत. म्हणून न्यू जर्सीवाल्याने कॅलिफोर्नियात बे एरियातला एखादा मित्र किंवा मावसभाऊ पकडावा आणि याद्या अदलाबदल कराव्यात. यादीत तीनच रकाने ठेवा, चित्र, वर्ष, अक्षर. पाठवताना प्रत्येक नाणं वेगळ्या कागदी पाकिटात, ती पाकिटं पुठ्ठ्याला टेपने चिकटवून, म्हणजे एकमेकांवर आपटणार नाहीत. २०२६ साठी यादीला नवं पान जोडून ठेवा, अमेरिकेच्या २५० व्या वर्षानिमित्त क्वार्टरला जास्तीत जास्त पाच नवी डिझाइन देण्याची तरतूद २०२० च्या कायद्यात आहे.